बोलायच्या चार ओळी

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आम्ही नवराबायको २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेला गेलो. टेनेसी म्हणून तिकडं राज्य आहे. त्यातलं नॅशव्हिल हे मोठं शहर आणि तिथून मोटारीनं तासाभरावर मर्फ्रीसबरो. जावई तिथं नोकरीला. घराच्या पुढं-मागं गवत, शेजारी तसंच घर, त्याच्या शेजारी तसंच. कोंबडं आरवत नाही की कुत्रं भुंकत नाही. पहिले चार दिवस मला वाटलं, गावात काही वाईट घडलंय आणि माणसं दारं लावून बसलीत.

बाळ-बाळंतीण हिच्या ताब्यात. मला काम नाही. शेतकऱ्याला सहा महिने काम नसणं म्हणजे बैल दावणीला बांधून नुसता कडबा टाकायचा. मी खुर्ची घेऊन दारात बसायचो आणि आमचं आलं लागलं असेल का, पाऊस कुठवर आला असेल, याचा हिशेब करायचो.

शेजारच्या घरात एक म्हातारा एकटाच राहायचा. पंचाहत्तरीच्या पुढचा, उंच, अंगानं वाळलेला, डोक्यावर मळकी टोपी. दर शनिवारी गवत कापायच्या मशीनवर बसून घराभोवती फेऱ्या मारायचा. मशीन म्हणजे छोटा ट्रॅक्टरच. मी हद्दीवर उभा राहून बघायचो. कडेला आला की वळण कसं घेतो, एक पट्टा दुसऱ्यावर किती चढवतो, हे बघितलं की माणूस शेतातला आहे का नाही ते कळतं. तिसऱ्या शनिवारी त्यानं मशीन थांबवलं आणि खुणेनं विचारलं, चालवणार? मी म्हटलं, "आय फार्मर." तो म्हणाला, "मी टू." नव्या दहावीच्या पहिल्या बॅचचा मी, १९७५ सालचा. माझं इंग्रजी तिथंच संपलं. पण तेवढ्यावर आमची दोस्ती झाली.

तो मूळचा नॅशव्हिलच्या उत्तरेकडचा, तंबाखूचा शेतकरी. त्यानं मला फोटो दाखवले. तिकडं तंबाखूची झाडं काठ्यांना उलटी टांगून उंच लाकडी कोठारात भरतात आणि खाली मंद विस्तव करून धुरावर वाळवतात. लांबून बघणाऱ्याला कोठार पेटल्यासारखंच वाटतं. मी निपाणीकडची तंबाखू बघितली होती, ती उन्हात वाळलेली. एवढं बोलायला आम्हाला दीड तास लागला. निम्मं हातवाऱ्यांवर, निम्मं लेक मध्ये येऊन सांगायची त्यावर.

त्याच्या गॅरेजमध्ये एक जुनी मालाची गाडी होती. त्यात कॅसेटचा टेप. दुपारी तो गाडीचं दार उघडं टाकायचा, टेप लावायचा आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसायचो. तिकडची शेतकऱ्यांची, ट्रकवाल्यांची, कामकरी माणसांची गाणी असतात, त्याला कंट्री म्युझिक म्हणतात. नॅशव्हिल म्हणजे त्याची पंढरी. १९२५ पासून तिथल्या रेडिओवर शनिवारच्या शनिवारी गाण्याची बैठक चालते, ग्रँड ओल ऑप्री नावाची, अजून चालू आहे. पूर्वी ती ज्या थिएटरात व्हायची ते मुळात धर्मसभेसाठी बांधलेलं. जावयानं नेऊन दाखवलं. अजून देवळातल्यासारखे लांब लाकडी बाक आहेत. बसल्यावर मला आमचं सप्त्याचं कीर्तन आठवलं.

त्या टेपमध्ये एक गाणं होतं. ते लागलं की म्हातारा बोलायचं थांबायचा. हातातला डबा खाली ठेवायचा. मला शब्द कळत नव्हते, पण सुरुवातीला तो गाणारा इतका खाली, दबक्या आवाजात गायचा, की दारात तिरडी बांधायचं चाललंय आणि कुणीतरी बाजूला घेऊन हळूच सांगतंय, असं वाटावं. मागं माउथ ऑर्गन आणि आडवी ठेवून वाजवायची गिटार. तिचा सूर तुटत नाही, ओढत जातो, चाकाला वंगण नसलेली गाडी लांब कुठंतरी चढ चढत असावी तसा. मग आवाज वर चढतो, व्हायोलिनं चढतात. आणि मध्येच तो गाणं सोडून देतो आणि नुसतं बोलतो. चारच ओळी. आमचे कीर्तनकार अभंग थांबवून दोन शब्द बोलतात ना, तसं. नेमक्या त्या चार ओळींना म्हाताऱ्याचे ओठ हलायचे. गाण्याला नाही, फक्त त्या बोलण्याला.

एका दुपारी लेक बाळाला घेऊन आली. मी म्हटलं, "हे गाणं काय आहे बघ गं." तिनं नाव सांगितलं. 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे'. गाणारा जॉर्ज जोन्स.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आजपासून त्यानं तिच्यावर प्रेम करणं सोडलं."

मी म्हटलं, "बरं झालं की मग. सुटला."

लेक माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "नाना, तो मेलाय. म्हणून सोडलं."

मग तिनं सगळी गोष्ट सांगितली. एक माणूस असतो. ती त्याला सोडून गेलेली असते आणि जाताना सांगून गेलेली असते की काही दिवसांनी विसरशील. तो विसरत नाही. तिचा फोटो, तिची जुनी पत्रं जपून ठेवतो. मरेपर्यंत तिच्यावरच जीव ठेवीन, असं म्हणालेला असतो आणि शब्द पाळतो. गाणं त्याचं नाहीच. गाणं म्हणतोय त्याचा मित्र, त्याच्या मयताला आलेला. आणि त्या बोलायच्या चार ओळींत काय आहे? तर ती बाई त्याला शेवटचं बघायला आली.

लेक बाळाला घेऊन आत गेली. म्हाताऱ्यानं टेप मागं फिरवून परत लावला. मी तसाच बसलो. जेवायला चला म्हणून ही दोनदा बोलवायला आली.

पुढं जावयानं मला त्या जोन्सची माहिती काढून दिली, थोडी म्हाताऱ्यानं सांगितली. माणूस मुलखावेगळा. १९३१ साली टेक्सासात जन्मला. बाप दारुडा, पिऊन आला की रात्री-अपरात्री पोराला उठवायचा आणि गायला लावायचा, नाही गायला तर मार. पोरगा पुढं रस्त्यावर गिटार वाजवून पैसे मिळवू लागला. मोठा गवई झाला आणि बापाचीच दारू त्याला लागली. कार्यक्रम ठरायचे, लोक पैसे भरून बसायचे आणि हा यायचाच नाही. एकदा बायकोनं सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या, तर गडी गवत कापायच्या मशीनवर बसून आठ मैलांवरच्या दारूच्या दुकानाला गेला. हे त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. म्हातारा हे सांगताना आपल्या मशीनकडं बोट दाखवून हसायचा. मीही हसलो, कारण आमच्याकडं पेरणी सोडून ट्रॅक्टरनं गुत्त्यावर जाणारे मी बघितलेत.

टॅमी वायनेट नावाची मोठी गायिका त्याची बायको होती. मिसिसिपीकडची, लहानपणी आजोबांच्या शेतात कापूस वेचलेली. १९६९ ला लग्न झालं, १९७५ ला मोडलं. लग्न मोडलं तरी दोघं एकत्र गाणी म्हणत राहिले, लोक ऐकत राहिले. त्यामुळं १९८० साली हे गाणं आलं तेव्हा लोकांनी ते तिच्याशीच जोडलं. खरं म्हणजे ते त्यानं लिहिलेलंच नाही. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी लिहिलं. बिली शेरिल म्हणून गाणं बसवणारा होता. पहिल्या लिहिण्यात ती बाई मयताला येत नव्हती. शेरिलनं परत परत लिहायला लावलं, बाई आली पाहिजे म्हणाला. जोन्सला गाणं आवडलंच नव्हतं. असलं मढ्याचं गाणं कोण विकत घेणार, असं त्याचं म्हणणं. आणि तेच त्या जुलैमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि बुडालेला माणूस वर आला. सव्वातीन मिनिटांच्या आतबाहेरचं गाणं.

पण या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात रुतली. हे गाणं भरायला फार दिवस लागले. गायचा भाग त्यानं गायला. अडलं ते त्या बोलायच्या चार ओळींवर. त्यानं लिहिलंय की, पिऊन गायला मला आयुष्यभर जमत आलं, लोकांना पत्ता लागत नसे, पण पिऊन सरळ बोलायला कधी जमलं नाही, जीभ अडखळायची. त्या चार ओळी धडपणे बोलून व्हायला म्हणे जवळजवळ दीड वर्ष गेलं.

गाता येतं, बोलता येत नाही. मी हे ऐकलं आणि मला आमचा दादा आठवला. आठवला म्हणजे, तो विसरला कधी होता?

दादा माझा चुलतभाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी तेरा वर्षांचा. रानात काडी उरली नव्हती. अमेरिकेची आणि माझी पहिली ओळख तेव्हाची. रेशनला लाल मिलो यायची, ती तिकडून. भाकरी नीट थापायची नाही, खाल्ली तर घशाखाली उतरायची नाही. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं आणि सगळं गाव त्याच्यावर गेलं. घरंदाज काय, गरीब काय, सगळ्यांच्या डोक्यावर पाटी. दादा टिकावावर होता. मी पाणक्या. कळशी आणि ग्लास घेऊन त्या टोकापासून या टोकापर्यंत फिरायचो.

ती पलीकडच्या वाडीची. पाटी उचलायला असायची. जात एकच, काही अडचण नव्हती, पण तिचा बाप आणि आमचे चुलते यांची बांधावरून कोर्टकचेरी चाललेली. दोन घरं एकमेकांच्या दारातून जात नव्हती. मी पाणी द्यायला गेलो की ती विचारायची, "तुझ्या दादानं पाणी पिलं का?" आणि दादाकडं गेलो की तो विचारायचा, "तिकडं दिलंस का आधी?" एवढंच. त्यांना मी याच्याहून जास्त बोलताना ऐकलं नाही. एकदा तिची चुंबळ खाली पडली, दादानं उचलली आणि परत दिली नाही. तिनंही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ती नवी करून घेऊन आली. जुन्या लुगड्याचा तुकडा, हिरव्या काठाचा.

१९७३ च्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईला गिरणीत. काम सुटायच्या वेळेला तिनं मला बाजूला बोलावलं. कळशीत हात घालून तोंड धुतल्यासारखं केलं आणि माझ्या हातात एक घडी केलेली चिठ्ठी दिली. "दादाला दे. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नगंस."

मी ती टोपीत घातली आणि घरी आलो. घरात वेगळंच चाललेलं. कुणीतरी चुलत्यांच्या कानावर घातलं होतं. चुलते ओसरीवर उभे, हातात आसूड. दादा खाली मान घालून भिंतीला टेकलेला. चुलते म्हणत होते, "तिचा काय निरोप-बिरोप या घरात आला तर आणणाऱ्याचंबी तंगडं मोडीन." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. मी सरळ मागं गेलो. न्हाणीच्या चुलीत पाणी तापत होतं. टोपी काढली, चिठ्ठी काढली आणि आत टाकली. उघडून बघितली नाही. एक भपका आला आणि संपलं.

रात्री अंगणात बाजूला झोपलेल्या दादानं हळूच विचारलं, "तिनं काय दिलं व्हतं का रं?"

मी म्हटलं, "न्हाई."

"निरोप?"

"न्हाई."

तिचं लग्न झालं, ती मुंबईला गेली. दादाला स्थळं आली, त्यानं नाही म्हटलं. दोन-तीन वर्षं चुलते शिव्या देत राहिले, मग त्यांनीही नाद सोडला. दादा प्यायला नाही, बिघडला नाही. सहाच्या ठोक्याला रानात, रात्री भजनाला. भजनात तो ज्ञानेश्वरांच्या विराण्या म्हणायचा. एकादशीला त्याची विराणी ऐकायला शेजारच्या गावचे लोक यायचे. आमच्याकडं बाईला दुःख झालं तर जात्यावर बसून ती ओवीत घालू शकत होती. पुरुषाला तशी जागा नाही. त्याला रडायचं असेल तर भजनात उभं राहून बाईचा आवाज घ्यावा लागतो, देवाची वाट बघणाऱ्या बाईचा. लोक म्हणायचे, काय भक्ती आहे! मी टाळ वाजवत असायचो आणि माझी नजर खाली असायची. देवाची वाट तो बघत नव्हता, हे त्या मंडळात मला एकट्याला माहीत होतं.

एकदा, आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेले असताना, रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी देत होतो. मी दारं धरलेली, तो बांधावर कंदील घेऊन बसलेला. एकदम म्हणाला, "त्या वक्ताला तिनं काय तरी निरोप धाडला असंल, न्हाई का रं?" विचारलं नाही त्यानं. नुसतं म्हणाला. चुलते वारून किती वर्षं झाली होती. तंगडं मोडणारं कुणी उरलं नव्हतं. चार शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, "दारं फुटलं वाटतं वरलं," आणि खोरं घेऊन अंधारात गेलो. दारं फुटलेलं नव्हतं. मी तिथं चिखलात उभा राहिलो, बराच वेळ.

२०१५ साली दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि तालुक्याला न्यायच्या आत संपलं. सावडणं झालं, दहावा झाला, तेरावा झाला. तिला कुणी कळवलं नाही. कळवायचं कारण कुणाला माहीत होतं? मला होतं. तिच्या भावाचा फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, आल्याच्या बियाण्यावरून आमचं बोलणं व्हायचं. एक फोन करायचा होता. केला नाही.

दादाची पत्र्याची ट्रंक वहिनीनं, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोनं उघडली. दोन धोतरं, भजनाची वही आणि तळाला ती चुंबळ, हिरव्या काठाची. वहिनीनं फडकं म्हणून उचलली आणि माठाखाली सरकवली. मी दुसऱ्या दिवशी गेलो, म्हटलं, "मला कळशीला लागती," आणि घेऊन आलो. माझ्या कपाटात ठेवली. आठ वर्षं तिथंच.

तर अमेरिकेतल्या त्या गॅरेजमध्ये बसून मी हे सगळं परत बघितलं. गाण्यातली बाई येते. आमच्यातली आली नाही, कारण गाणं सांगणाऱ्या मित्रानं जे काम केलं ते मी केलं नाही.

परत यायच्या आधी म्हाताऱ्यानं आम्हाला नॅशव्हिलला वुडलॉन म्हणून दफनभूमी आहे, तिथं नेलं. जोन्स २६ एप्रिल २०१३ ला गेला. त्याच्या शोकसभेला ऑप्रीच्या थिएटरात ॲलन जॅक्सन नावाच्या गायकानं हेच गाणं म्हटलं होतं. जे गाणं कोण घेणार म्हणाला होता, त्याच गाण्यावर त्याला निरोप दिला. कबरीवर मोठी कमान आहे, वर त्याचं आडनाव. नंतरच्या बायकोनं, नॅन्सीनं त्याला दारूतून बाहेर काढायला जीव टाकला, तीस वर्षं त्याच्यासोबत राहिली. टॅमी वायनेटही त्याच वुडलॉनमध्ये आहे, १९९८ साली गेली, पण तिची जागा वेगळी, इमारतीच्या आत. गाण्यात एक गोष्ट असते, आयुष्यात तिच्यापेक्षा जास्त माणसं असतात, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

म्हातारा टोपी काढून उभा राहिला. त्याच्या घरात एका बाईचा फोटो होता, मी कधी विचारलं नाही. त्यानं गाडीत बसल्यावर लेकीला सांगितलं, "तुझ्या वडलांना विचार, त्यांना गाणं का आवडलं?" लेकीनं विचारलं. मी म्हटलं, "आवाज चांगला आहे म्हण." परत तेच. दारं फुटलं वाटतं.

ऑक्टोबरात गावी आलो. दिवाळी झाली आणि मी तिच्या भावाकडून पत्ता घेतला. १९८२ चा गिरण्यांचा संप झाला तेव्हा नवऱ्याची नोकरी गेली आणि ती सगळी मुंबई सोडून त्याच्या गावाला, पाटण तालुक्यात आली होती. नवरा आता नाही. दोन मुलगे, सुना, नातवंडं. मी साताऱ्याहून एस.टी. धरली. पिशवीत चुंबळ.

ती ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी नाव-गाव सांगितलं. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं आणि म्हणाली, "पाणक्या न्हवं का तू?" पन्नास वर्षांनी. सुनेला चहा टाकायला सांगितला. सून आत गेली आणि मी बोललो, कारण थांबलो असतो तर परत तसाच आलो असतो.

"आक्का, तुमची चिठ्ठी मी दादाला दिली न्हाई. चुलीत घातली."

तिचा हात थांबला नाही. दोन-तीन शेंगा फोडून झाल्या, मग म्हणाली, "वाचली व्हतीस?"

"न्हाई."

"मला कुठं लिवता येत व्हतं. शेजारच्या पोरीकडनं लिवून घेतलीती." दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला. "लिवलं व्हतं, माझं ठरलंय. माझी वाट बघू नगंस. तुझं तू लगीन कर."

माझ्या पायातलं बळ गेलं. पन्नास वर्षं मी समजत होतो की त्या चिठ्ठीत पळून जायचं असेल, कुठं भेटायचं असेल. माझ्यामुळं त्यांचं जुळलं नाही, असं समजत होतो. आणि त्यात त्याला मोकळं केलेलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे चिठ्ठी मिळाली असती तर दादानं..."

"काय म्हाईत," ती म्हणाली. "ऐकणाऱ्यातला व्हता व्हय त्यो?"

चहा आला. सून परत आत गेली. तिनं विचारलं, "आत्ताच कसं काय आठवलं तुला?"

मी म्हटलं, "अमेरिकेत एक गाणं ऐकलं." आणि सांगितलं. माणूस होता, बाई सोडून गेली, तो विसरला नाही, आणि मेला तेव्हाच त्याचं संपलं.

तिनं विचारलं, "मग ती बाई आली?"

"आली."

"आली ना." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "चिठ्ठीचं काय न्हाई रं. तू पोर व्हतास. पर त्यो गेला तवा सांगायचं व्हतंस. मला दोन वर्सांनी म्हायेरात कळलं, ते बी बोलण्यातनं. मी आले असते. लांब उभी ऱ्हायले असते, पर आले असते."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेराव्या वर्षी मी घाबरलो होतो. छप्पन्नाव्या वर्षी कशाला घाबरलो होतो?

मी पिशवीतून चुंबळ काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं काठ बघितला. विचारलं नाही कुठली म्हणून. इतक्या वर्षांत पीळ सैल पडला होता, एक टोक सुटून आलं होतं. तिनं ते टोक धरलं, दोन वेढे घट्ट देऊन आत खोवलं आणि चुंबळ गुडघ्याजवळ ठेवून परत शेंगा फोडायला लागली.

साडेचारची एस.टी. होती. मी उठलो तसं तिनं सुनेला हाक मारली आणि दोन-अडीच किलो शेंगदाणे पिशवीत भरून दिले. "कारभारणीला दे," म्हणाली. चुंबळ तिनं दिली नाही.